पिकल्या पानासाठी रडताना

वाचकाचे पत्र

माझी आई जूनच्या अखेरीस देवाघरी गेली. ती ९१ वर्षांची होती. खुब्याचे हाड मोडल्यापासून सहा वर्षे ती खाटेवरच होती. मी अविवाहित असल्यामुळे तिचे सारे मीच केले. भावाचे कुटुंब शेजारीच राहते. वसईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात मयतीला आलेला जो तो म्हणत होता, "सोने झाले", "पिकले पान, गळायचेच होते", "आता तूही सुटलीस". चार महिने होत आले, तरी माझे रडू थांबत नाही. तिची लाल लुगडी पेटीत तशीच आहेत. थोरला भाऊ म्हणतो, ख्रिस्ती माणसाने इतके रडणे म्हणजे पुनरुत्थानावर विश्वास नसल्यासारखे आहे, पौलानेही तसेच लिहिले आहे. दुसरे असे, की तेल लावायला फादर आले तर आई घाबरेल म्हणून त्यांना बोलावण्यात मी दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. त्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिने घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीराचा प्रसाद, घेतले होते, पण तैलाभ्यंग, म्हणजे आजारी माणसाला तेल लावण्याचा संस्कार, राहिला तो माझ्यामुळे. तिसरे म्हणजे, संध्याकाळी रोझरी हातात घेते आणि पहिल्याच मण्यापाशी अडते. लहानपणापासून मण्यामण्यावरच्या मरियेच्या प्रार्थनेचा पहिला भाग आई म्हणायची आणि दुसरा मी. आता तोंडच उघडत नाही. माझी श्रद्धा संपली आहे का?

उत्तर

ताई,

तुमच्या भावाने ज्या वचनाचा आधार घेतला आहे, तेथूनच सुरुवात करते, कारण मयतीच्या घरी ते वचन फार वेळा अर्धेच सांगितले जाते आणि ज्याच्या घरी दुःख आहे त्याला त्या अर्ध्या वचनाचा मार सोसावा लागतो. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले ते तेरावे वचन आहे. ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही शोक करू नये, असे पौल तेथे म्हणतो. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. त्या मंडळीतील माणसे विश्वासात नवी होती, प्रभू लवकरच परत येणार या अपेक्षेत ती दिवस मोजत होती आणि तेवढ्यात त्यांची काही माणसे मरण पावली. आपले गेलेले त्या भेटीला मुकणार की काय, ही त्यांची काळजी होती. पौलाने त्या काळजीला उत्तर दिले आणि अठराव्या वचनात त्या भागाचा शेवट करताना, या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे सांगितले. त्या ओळी कशासाठी लिहिल्या हे लिहिणाऱ्यानेच असे स्पष्ट केले असताना त्याच ओळी एखाद्या रडणाऱ्या बहिणीला गप्प करण्यासाठी वापरणे मला पटत नाही, आणि भावाला हे तुम्ही प्रेमाने पण स्पष्टपणे सांगावे असे मला वाटते.

मात्र भावाविषयी मनात अढी धरू नका. संत ऑगस्टीनची आई मोनिका इसवी सन ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. आफ्रिकेतील आपल्या गावी परतण्यासाठी ती मायलेकरे समुद्रप्रवासाची वाट पाहत तेथे थांबली होती. तिने प्राण सोडताच ऑगस्टीनने स्वतःच्या हाताने तिचे डोळे मिटले. त्याचा किशोरवयीन मुलगा मोठ्याने रडू लागला तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केले, कारण इतक्या भाविक बाईच्या मरणावर आक्रोश शोभत नाही असे त्या मोठ्या माणसांना वाटत होते. स्वतः ऑगस्टीनही दफन होईपर्यंत कोरड्या डोळ्यांनी वावरला, लोकांशी बोलला, दफनानंतर मन हलके व्हावे म्हणून स्नानाला गेला, पण त्याचाही उपयोग झाला नाही. पुढे झोपेतून उठल्यावर, एकटा असताना, तो देवासमोर रडला आणि बांधून ठेवलेले अश्रू आपण वाहू दिले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. ज्याने त्या मुलाला गप्प केले त्याच्याच पोटात ते रडे साठलेले होते. तुमच्या भावाचे तसेच असेल असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण त्याचीही आई गेली आहे आणि तुमचे रडणे ऐकताना त्याला कोणते अश्रू आवरावे लागतात, हे तुम्हा दोघांपैकी कोणी अजून एकमेकांना विचारलेले दिसत नाही.

आता वयाविषयी. आपल्याकडे ९१ व्या वर्षी कोणी गेले की सांत्वनाला आलेली माणसे आल्या आल्याच वय विचारतात आणि उत्तर ऐकून त्यांना हायसे वाटते. त्यांच्या मनात वाईट नसते. अकाली मरणे पाहिलेल्या गावाला पिकल्या वयातले मरण ही देवाची कृपाच वाटते, आणि ती आहेही. पण गेलेल्याचे वय जितके मोठे तितके मागे राहिलेल्याचे दुःख लहान, हा हिशेब पवित्र शास्त्रात मला कोठेही सापडलेला नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब मरतो तेव्हा तो १४७ वर्षांचा आहे. तो अचानक गेलेला नाही. बारा मुलांना जवळ बोलावून, प्रत्येकाशी बोलून, आपल्याला कोठे पुरावे हे नीट सांगून, पाय बिछान्यावर घेऊन त्याने प्राण सोडला आहे. आपल्या लोकांच्या भाषेत ज्याचे सोने झाले असे म्हणावे, असे हे मरण आहे. तरीही योसेफ बापाच्या तोंडावर पडून रडतो आणि त्याचे मुके घेतो. मिसरी लोक ७० दिवस शोक करतात. पुढे कनान देशाकडे नेताना यार्देनेपलीकडे अटादाच्या खळ्यापाशी पुन्हा सात दिवस मोठा विलाप होतो, तो इतका, की त्या प्रदेशातले लोक थबकून पाहू लागतात. बाप म्हातारा होता, आता पुरे, असे त्या साऱ्या प्रसंगात योसेफाला कोणीही म्हणत नाही. बेथानीला लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. थोड्याच वेळात लाजर कबरेबाहेर येणार हे माहीत असूनही तो रडला, एवढेच त्यात ध्यानी घ्यावे.

शिवाय म्हातारे माणूस जाते तेव्हा घरातून केवळ एक माणूस जात नाही, त्याच्याभोवती बांधलेला सगळा दिवस मोडून पडतो. पहाटेची कूस बदलणे, पाठीला पावडर लावणे, भात मऊ करून भरवणे, औषधाच्या वेळा, रात्री दोनदा उठणे, हे सहा वर्षे तुमच्या हातांनी केले आहे आणि आता पहाटे जाग आल्यावर त्या हातांना काम नाही. माझे वडील ८८ व्या वर्षी गेले. त्यांना फार कमी ऐकू यायचे, म्हणून घरात आम्ही सगळे मोठ्यानेच बोलत असू. ते गेल्यावर दीड महिना मी स्वयंपाकघरातून तशीच ओरडून विचारत होते, "चहा ठेवू का?" एके दिवशी धाकट्या मुलाने हळूच सांगितले, "आई, आता हळू बोललीस तरी चालेल." त्या दिवशी मी जितकी रडले तितकी दफनाच्या दिवशीही रडले नव्हते. म्हणून "सुटलीस" हा शब्द तुम्हाला का बोचला, हे मला कळते. आणि कोठेतरी, एखाद्या रात्री सलग सात तास झोप लागल्यावर, खरोखरच सुटल्यासारखे वाटले असेल आणि मग त्याचीच शरम वाटली असेल, तर त्यात पाप नाही. थकलेल्या शरीराला विश्रांती मिळाली, एवढाच त्याचा अर्थ आहे. शरीर सुटले तरी मन अजून तिच्या खाटेपाशीच बसून राहू शकते.

लुगड्यांची घाई करू नका. कोणी म्हणेल वाटून टाक, कोणी म्हणेल डोळ्यांसमोर नको. तुम्हाला वाटेल तेव्हा पेटी उघडा. आमच्या ओळखीच्या एका घरी आजीच्या दोन लुगड्यांची गोधडी शिवली आणि उरलेली नातींनी एकेक घेतली, कारण अंगावर लुगडे नेसणारी त्या घरातली ती शेवटची होती.

तैलाभ्यंगाविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते वाचताना मी बराच वेळ थांबले. येथे थोडे मागे जावे लागेल. तुमच्या आईचे बालपण आणि तरुणपण ज्या काळात गेले, त्या काळी या संस्काराला 'शेवटचा' तैलाभ्यंग म्हणत असत आणि माणूस अगदी मरणाच्या दारात असतानाच तो दिला जाई. फादर तेल घेऊन वाडीत शिरले की आसपासच्या घरांत लोक आपोआप गप्प होत. आईला भीती वाटेल असे तुम्हाला वाटले ते उगीच नव्हते, ती भीती एका संपूर्ण पिढीच्या अनुभवातून आलेली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये सांगितले, की या संस्काराला रुग्णांचा अभ्यंग म्हणणे अधिक योग्य आहे आणि तो केवळ मरणासन्न माणसांसाठी नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी दिला. आता वार्धक्याने खूप अशक्त झालेल्या माणसाला, मोठा आजार नसतानाही, हा संस्कार देता येतो, आणि प्रकृती पुन्हा ढासळली तर पुन्हाही देता येतो. ज्यांच्या घरी आज कोणी म्हातारे माणूस अंथरुणावर आहे त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे आणि फादरना वेळेत, शक्यतो ते माणूस शुद्धीवर असताना, हसतबोलत असताना बोलवावे. पण तुम्हाला मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. ही नवी समजूत साठ वर्षांत आपल्या घराघरांत नीट पोहोचली नाही, ही जबाबदारी आम्हा सगळ्यांची आहे, एकट्या तुमची नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. मरणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा शेवटचा संस्कार तैलाभ्यंग नव्हे, तो आहे कम्युनियन. त्या कम्युनियनला लॅटिनमध्ये व्हियातिकुम म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ आहे वाटेसाठी बरोबर दिलेले अन्न. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे शिदोरी. तुमच्या आईने पहिल्या शुक्रवारी जे कम्युनियन घेतले ते मरणसमयीचे म्हणून दिलेले नव्हते, हे खरे, पण ज्याचे शरीर तिने जिभेवर घेतले तो काही वेगळा ख्रिस्त नव्हता. महिनाही पुरा झाला नाही तोच ती निघाली, आणि निघाली ती रिकाम्या हाती नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, बाप्तिस्म्याविषयी बोलताना, चर्चने असे म्हटले आहे, की देवाने तारण संस्काराशी बांधले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. फादर वेळेवर पोहोचू शकले नाहीत म्हणून देवही पोहोचू शकला नसेल, असे आपण कोणीच मानत नाही. मग स्वतःच्या बाबतीतच तुम्ही ते का मानता? तरीही मन ऐकत नसेल तर जवळच्या फादरकडे जा आणि पापकबुलीत हे एकदा मोठ्याने बोला. दोष नसला तरी ओझे असते, आणि ते उतरवायला जागा लागते.

येत्या २ नोव्हेंबरला तुम्ही दफनभूमीत जालच. आईच्या कबरेवरचा पहिला ऑल सोल्स डे, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस, आहे. पावसाने खचलेली माती सारखी करा, झेंडू, मोगरा जे वाडीत असेल ते न्या, मेणबत्ती लावा आणि भावाला बरोबर घ्या. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधील क्लुनी येथील मठाधिपती ओदिलो याने आपल्या मठांमध्ये हा दिवस पाळायला सुरुवात केली आणि तेथून तो सगळ्या चर्चमध्ये पसरला. त्याच्याही पुष्कळ आधी, ओस्तियाला मरणशय्येवर असलेल्या मोनिकाने मुलांना सांगितले होते, की माझे शरीर कोठेही पुरा, त्याची चिंता करू नका, फक्त जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. मोठ्या हौसेने नवऱ्याच्या कबरेशेजारी आपली जागा ठरवून ठेवलेल्या बाईचे हे बोल आहेत. आईसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची पवित्र उपासना, अर्पण करणे म्हणजे तिच्यासाठी अजूनही काही करता येणे. सहा वर्षे जिच्यासाठी हात चालले त्या हातांना हे काम देऊन पाहा. मृतांच्या मिस्सेत फादर जी स्तवनाची प्रार्थना म्हणतात तिच्यात, प्रभूवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचे जीवन बदलते, संपत नाही, अशा अर्थाची ओळ येते. त्या दिवशी ती कान देऊन ऐका.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते. चार महिने रडू येणे यात मला काही विपरीत दिसत नाही. पण जेवण तुटले असेल, रात्रीमागून रात्री झोप लागत नसेल, किंवा आपणही आता जगू नये असे मनात येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो, तेव्हा वैद्याकडे जाणे हा श्रद्धेचा अभाव ठरत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, श्रद्धा संपली का हा. स्तोत्रसंहितेत ८८ वे स्तोत्र आहे. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. मित्र आणि सोबती दूर गेले आणि उरला तो अंधार, असे म्हणून ते संपते. चर्चने ते गाळले नाही. दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत जगभरचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी ते म्हणतात. कोरडी पडलेली प्रार्थना ही प्रार्थनाच असते, असे मानल्याशिवाय हे स्तोत्र तेथे राहिलेच नसते. ज्या संध्याकाळी रोझरी होत नाही, त्या संध्याकाळी हे एक स्तोत्र वाचा.

आणि रोझरी का अडते, हे मला वाटते तुम्ही पत्रात स्वतःच लिहिले आहे. पहिला भाग आई म्हणायची, तुम्ही दुसरा. पन्नास वर्षे तुम्ही उत्तर देत आलात, सुरुवात तुम्ही कधी केलीच नाही. आता समोरून कोणी सुरुवात करत नाही, म्हणून उत्तर घशात अडकते. येथे श्रद्धेचा प्रश्नच नाही, समोरची जागा रिकामी आहे.

पण तो दुसरा भाग कोणता, हे जरा आठवून पाहा. पवित्र मरियेने आम्हा पाप्यांसाठी विनंती करावी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, हाच ना? एका रोझरीत दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांचे पन्नास आणि सुरुवातीचे तीन मिळून ५३ वेळा हे शब्द येतात. वर्षाला १९,३४५ वेळा. पन्नास वर्षांत साडेनऊ लाखांहून अधिक वेळा, आईच्या शेजारी बसून, तिच्या मरणाच्या घटकेसाठी मागणे मागितले ते तुम्ही. जूनमधल्या त्या पहाटे घरात फादर नव्हते, तेल नव्हते, हे सारे खरे, पण त्या घटकेसाठी कोणी काही मागितलेच नव्हते असे मात्र तुम्हाला म्हणता येणार नाही. 'आता' आणि 'मरणाच्या वेळी' हे दोन वेगळे क्षण तुमच्या आईसाठी त्या पहाटे एक झाले.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना आहे. वाडीतल्या क्रुसापाशी किंवा कोणाच्या तरी ओटीवर रोज संध्याकाळी शेजारी जमत असतील. तेथे जाऊन मागे बसा, पुढाकार घेऊ नका, नुसते उत्तर द्या. नाहीतर भावाच्या नातवंडांपैकी एखादे रोझरी शिकण्याच्या वयाचे असेल, त्याला संध्याकाळी घरी बोलवा आणि आईच्या जागेवर बसवा. ते चुकेल, मणी मोजताना गोंधळेल, मध्येच विचारेल की पणजी रोज एवढी म्हणायची का. त्याला पहिला भाग म्हणू द्या. दुसरा तुम्हाला येतो.